थर्टी-थर्टीत ओतीव शिशाची गोळी: युनिक की एच ४८९५?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायफल मार्लिन ३३६, कॅलिबर .३०-३०. लीच्या सी३०९-१७०-एफ साच्यात गाडीच्या चाकांना लावतात त्या वजनांचं शिसं ओतून १७० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळ्या केल्यात, बुडाला तांब्याचं गॅस चेक (गरम वायूपासून शिसं वाचवणारी छोटी टोपी) आहे. नोव्हेंबरात व्हाइटटेल हरणासाठी १०० यार्डांच्या आत वापरायच्यात. कपाटात काडतुसात भरायच्या पावडरीचे दोन डबे: अलायंट युनिकचा एक आणि हॉजडन एच ४८९५ चा एक. वेग मिळावा म्हणून युनिक वाढवत नेली, तर नेम पाच-सहा इंचांत पसरतो आणि नळीत चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भागाच्या) बाजूला शिसं चिकटतं. पावडर बदलावी, की गोळी आणखी कडक करावी?

पावडर बदला. एच ४८९५ चा डबा तुमच्याकडे आहेच, तोच उघडा. गोळी कडक करायच्या फंदात पडू नका, हरणासाठी तर नाहीच. पण त्याआधी एक माप घ्या. ते चुकलेलं असेल तर जगातली कुठलीही पावडर तुमची नळी स्वच्छ ठेवणार नाही.

(हे सगळं अमेरिकेपुरतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि काडतुसं भरणं शस्त्र कायद्याखाली येतं, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे माहितीपुरतंच वाचावं. आणि अमेरिकेतही कॅलिफोर्नियात असाल तर इथेच थांबा. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही.)

माप म्हणजे नळीचं. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. मग शुद्ध, मऊ शिशाची नळीपेक्षा किंचित जाड गोळी तेल लावून नळीतून ठोकत बाहेर काढा आणि तिच्यावर उठलेल्या उंचवट्यांवरचा व्यास मायक्रोमीटरने मोजा, तोच नळीतल्या खाचांचा व्यास. व्हर्नियरवर भागवू नका, इथे हजारांश इंचाचा हिशेब आहे. तांब्याचं वेष्टण असलेली गोळी .३०८ ची असते म्हणून शिशाचीही तेवढीच करणारे पुष्कळ लोक आहेत, आणि निम्मी रडारड तिथूनच सुरू होते. शिशाची गोळी खाचेच्या व्यासापेक्षा एक ते दोन हजारांश इंच मोठी हवी. खाच .३०९ निघाली तर गोळी .३१० किंवा .३११. मार्लिनच्या मायक्रो-ग्रूव्ह नळीत बारा उथळ खाचा असतात. ‘या नळीत शिसं चालतच नाही’ हा समज त्यातूनच आलाय. चालतं, फक्त बारीक गोळी चालत नाही. मोठ्या मापाची गोळी बसवल्यावर काडतूस चेंबरमध्ये बोटाने अलगद जातंय ना, तेवढं पाहा. मान अडकली तर दाब वाढतो.

चेंबरजवळ शिसं चिकटणं ही खूण नीट वाचा. तिथे चिकटतं ते गोळीच्या कडेने निसटलेल्या गरम वायूमुळे: एक तर गोळी बारीक आहे, किंवा दाब इतक्या झपाट्याने चढतोय की गोळी खाचांत नीट शिरायच्या आत तिचं बूड मार खातंय. तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहे.

आता युनिकचं. ती छर्ऱ्याच्या काडतुसांत आणि पिस्तुलांत चालणारी झटपट जळणारी पावडर. रायफलमध्ये तिचा दाब गोळी नळीत जेमतेम शिरत असतानाच शिखरावर पोचतो आणि मग भराभर उतरतो. सेकंदाला १,२०० ते १,४०० फूट वेगापर्यंत हे झकास चालतं. स्वस्त, शांत, खांद्याला हलकं, सरावाला उत्तम. पण तिच्याकडून १,७००-१,८०० मागायला गेलात की प्रत्येक जादा अर्ध्या ग्रेनला वेग थोडा आणि दाब फार वाढतो. शिशाला धक्का सोसत नाही, रेटा सोसतो. तेवढ्याच वेगाला मध्यम गतीची पावडर शिखर खाली ठेवते आणि नळीभर रेटा देत राहते. शिशाच्या गोळीसाठी पावडर निवडणं म्हणजे मुख्यतः हेच.

याला एक ढोबळ आकडा आहे. मिश्रधातूचा ब्रिनेल कडकपणा गुणिले १,४२२ केलं की साधारण किती पीएसआय (चौरस इंचावर पौंड) दाबाला शिसं दबू लागतं ते कळतं. चाकाच्या वजनांचं, हवेत थंड झालेलं शिसं ११-१२ ब्रिनेल, म्हणजे १६-१७ हजार पीएसआय. थर्टी-थर्टीची कमाल मर्यादा ४२ हजार. गॅस चेक असेल आणि दाब सावकाश चढत असेल तर १७ हजारांच्या बऱ्याच वर जाऊनही नेम टिकतो, म्हणून या आकड्याला नियम मानू नका. झटपट पावडरीला मात्र तो बऱ्यापैकी लागू पडतो.

दुसरी गोष्ट भरावाची. थर्टी-थर्टीच्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) काठोकाठ सुमारे ४५ ग्रेन पाणी मावतं. युनिकचा नेहमीचा भार (एका काडतुसात घालायची पावडर) तळाशी जेमतेम थरासारखा पडतो. रायफल आडवी धरली की तो पसरतो, नळी खाली झुकवली की गोळीकडे सरकतो, आणि प्रायमरची (पावडर पेटवणाऱ्या टोपीची) ज्योत दर वेळी वेगळ्या ढिगाला भिडते. झाडावरच्या मचाणातून खाली नेम धरणाऱ्याला याचा त्रास ठळक होतो. तपासणं सोपं आहे. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावा, पाच गोळ्या नळी वर करून मग हळूच आडवी आणून झाडा, पाच नळी खाली करून. दोन सरासऱ्यांत ५०-६० फुटांहून जास्त फरक पडला तर तो भार शिकारीला नेऊ नका.

आणि खरी भीती दुप्पट भाराची. युनिक पुंगळीत दोनदा पडली तरी वरून काही सांडत नाही, गोळी मुकाट बसते. त्या काडतुसाने रायफल फुटते. भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करा आणि गोळी बसवायच्या आधी टॉर्च तिरपी धरून एकेका पुंगळीत डोकावा. सगळीकडे पावडरची पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी उंच किंवा बुटकी वाटली तर वजन करत बसू नका, ओतून पुन्हा भरा. टेबलावर एका वेळी एकच डबा हवा, दुसरा कपाटात. मापकाच्या (ठरलेला भार पाडणाऱ्या यंत्राच्या) नळकांड्यात उरलेली पावडर काम संपताच मूळ डब्यात परत घाला. दुसऱ्या दिवशी ‘ही कुठली बरं’ असा प्रश्न पडला तर ती बागेत टाकायची, डब्यात नाही.

एच ४८९५ का, तर ती या दोन्ही दुखण्यांवर चालते. मध्यम गतीची आहे, एकेरी बेसची (फक्त नायट्रोसेल्युलोजची), आखूड कापलेल्या काड्यांची, त्यामुळे मापकातून लांब काड्यांच्या पावडरींपेक्षा बरी पडते. थर्टी-थर्टीची पुंगळी बरीचशी भरते, म्हणून दुप्पट भार वर सांडतो आणि लगेच दिसतो. थंडी-उन्हाने तिचा वेग फारसा हलत नाही. सप्टेंबरच्या उन्हात जुळवलेला भार नोव्हेंबरच्या बर्फात झाडायचा असेल तर हे महत्त्वाचं आहे. शिवाय भार कमी केला तरी ती बिथरत नाही. हॉजडनचा स्वतःचाच नियम आहे की एच ४८९५ साठी छापलेल्या कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. एखाद्या काडतुसाला कमाल ४० ग्रेन छापलं असेल तर ६० टक्के म्हणजे २४. हे गणित फक्त एच ४८९५ चं. आयएमआर ४८९५ ही वेगळी पावडर आहे, आकडा सारखा दिसला म्हणून एकीचा भार दुसरीला लावायचा नाही. एच ४१९८ आणि आयएमआर ४१९८ चंही तेच.

पण शिकारीला तुम्हाला ६० टक्क्यांवर राहायचं नाही. तिथे दाब इतका कमी असतो की पावडर पुरती जळत नाही आणि नळीत, लिव्हरच्या यंत्रणेत पिवळसर काड्या सापडतात. तुमचं लक्ष्य १,८०० ते १,९०० फूट. त्यासाठी शिशाच्या गोळ्यांचा स्वतंत्र तक्ता असलेलं मॅन्युअल घ्या. लायमनचं कास्ट बुलेटचं हँडबुक यासाठीच आहे. त्यातल्या सुरुवातीच्या भारापासून वर चढा. इथे मुद्दाम ग्रेनचा आकडा देत नाही. नेटवरचा आकडा एका बोटाच्या चुकीने १८ चा २८ होतो, आणि तुमची गोळी, तुमचं बसवण्याचं खोलीमाप लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

एच ४८९५ संपली आणि दुकानात मिळाली नाही तर? दोन्ही ४१९८ थोड्या जलद, १,७००-१,९०० च्या पट्ट्यात फार गोड. रिलोडर ७ तशीच. आयएमआर ३०३१ म्हणजे थर्टी-थर्टीची जुनी सोबतीण, फक्त तिच्या लांब काड्या मापकात अडकतात, कटकन आवाज आला की तो भार वजन करून बघायचा. अ‍ॅक्युरेट ५७४४ अर्धवट भरलेल्या पुंगळीतही सारखी पेटते, पण महाग आहे आणि न जळलेले कण मागे ठेवते. ‘२४००’ नावाची पावडर युनिकपेक्षा सावकाश, १,५००-१,६०० पर्यंत छान, दुप्पट भाराचा धोका तिलाही तितकाच. ट्रेल बॉस फुगीर, सरावापुरती. तिला दाबून बसवायचं नाही आणि तिच्याकडून शिकारीचा वेग मागायचा नाही. जुन्या तक्त्यांत एसआर ४७५९ दिसेल, ती आता बनत नाही. शोधण्यात वेळ घालवू नका.

दोन गोष्टींच्या वाटेला जाऊच नका. एच ११० आणि विंचेस्टर २९६ कमी भरल्या की धड पेटत नाहीत. छापील भारापेक्षा तीन टक्क्यांहून खाली जाऊ नये अशी उत्पादकाचीच ताकीद आहे, मग शिशासाठी ‘जरा कमी’ भरून बघणं कशाला? दुसरं टोक ४३५० आणि ४८३१ सारख्या संथ पावडरींचं. हलक्या शिशाच्या गोळीमागे त्यांना दाबच मिळत नाही, चाप ओढल्यावर उशिरा बार होतो किंवा गोळी नळीत अडकते. मोठ्या पुंगळ्यांत संथ पावडरचा अर्धवट भार अचानक भयानक दाब देतो, अशा नोंदीही आहेत. रिकामी जागा भरायला डॅक्रॉनचा कापूस कोंबायचा सल्ला मिळेल. त्यापेक्षा जागा भरणारी पावडर घ्या, नाहीतर चेंबरच्या पुढे नळीत फुगीर कडं उठण्याची जोखीम गळ्यात पडते.

भरताना गोळी खरवडली गेली तर वरची सगळी मेहनत वाया. पुंगळीचं तोंड एम-डायने (तोंड रुंदावणाऱ्या साच्याने) किंचित उमलवा, इतकंच की गॅस चेक बोटाने आत टेकेल. तोंडाशी शिशाची चंदेरी सळ निघाली तर उमलणं कमी पडलं. पुंगळीची लांबी कमाल २.०३९ इंच, कापायची २.०२९ ला, आणि सगळ्या एकसारख्या, कारण लांबी बदलली की क्रिम्प (गोळी घट्ट धरायला पुंगळीचं तोंड आत दाबणं) बदलतो. तुमच्या रायफलचं मॅगझिन नळीचं आहे, काडतुसं एकामागे एक रांगेत राहतात. क्रिम्प सैल असेल तर झटक्याने गोळी आत सरकते आणि दाब वाढतो. म्हणून गोळी आधी बसवा आणि क्रिम्प वेगळ्या फेरीत खाचेत द्या. पूर्ण लांबी २.५५० इंचांच्या आत ठेवा. गोळीचं नाक चपटं आहे ते बरंय. नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार गोळी पुढच्या प्रायमरवर टेकते, तसली कधी भरू नका. प्रायमर साधा लार्ज रायफल, मॅग्नमची गरज नाही.

चाचणीच्या आधी नळीतलं जुनं तांबं सॉल्व्हंटने पूर्ण काढा. तांब्यावर शिसं लगेच धरतं आणि मग दोष नव्या पावडरला जातो. अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने चढा, प्रत्येक पायरीला पाच गोळ्या, आधी ५० यार्डांवर. तीन गोळ्यांचा गट बघून भुलू नका. कुठल्याशा पायरीला नेम आवळेल, पुढच्या एक-दोनला पुन्हा सुटेल. आवळलेल्या जागेवर थांबा, वेगाची हाव नको. एखाद्या गोळीचा आवाज ‘फुस्स’ आला तर लिव्हर ओढून पुढची भरू नका. रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा.

कडकपणाचं शेवटी, कारण तो मोह तुम्हाला पुन्हा होईल. साच्यातून गरम गोळी थेट पाण्यात टाकली की ती कडक होते, लिनोटाइप (छपाईच्या खिळ्यांचा मिश्रधातू) तर २२ ब्रिनेलच्या आसपास असतं. कागदावर सुंदर गट येतील, पण हरणात अशी गोळी उमलत नाही, पेन्सिलीसारखी आरपार जाते किंवा हाडावर तुकडे होतात. तुमचं ११-१२ ब्रिनेलचं, हवेत थंड झालेलं शिसं आणि ते चपटं नाक १०० यार्डांच्या आत व्हाइटटेलला पुरेसं आहे. गोळीचं माप नीट केल्यावर आणि एच ४८९५ वर गेल्यावरही शिसं चिकटलं, तर या वेळी कुठे चिकटलंय ते बघा. नळीच्या तोंडाकडे असेल तर पावडरचा काही दोष नाही, गोळीवरचं वंगण वाटेत संपतंय. ग्रीजच्या सगळ्या खाचा भरा, किंवा मऊ अलॉक्स-मेणाचं वंगण लावून पाच गोळ्या पुन्हा झाडा.