नागरिकत्वाच्या केसेस घेणाऱ्या वकिलाची झोप

ताई, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात पूर्व पाकिस्तान-बांगलादेशातून येऊन राहिलेल्या बंगाली कुटुंबांचे नागरिकत्वाचे अर्ज करता करता झोप उडाली, आता फक्त जमिनीच्या वाटणी-फेरफाराचीच कामं घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. ती कामं जरूर घ्या, पण ही सोडून देऊ नका.

दमवतं ते काम नाही, दुसऱ्याचं वाट पाहणं दमवतं. नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या (सीएए) २०२४ च्या नियमांखालचा अर्ज ऑनलाइन जातो, जिल्हास्तरीय समिती कागद तपासते, निर्णय वरची अधिकारप्राप्त समिती देते. तुमच्या हातात काही उरत नाही, पक्षकार मात्र तुमच्याच दारात. त्यात एका घरात तीन नियम. १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेला थोरला जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्या मधल्यासाठी आईबापांपैकी एक नागरिक लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्या धाकट्यासाठी एक नागरिक असून भागत नाही, दुसरा बेकायदा स्थलांतरितही नसावा लागतो. म्हातारी विचारते, "धाकट्यानं काय केलं जी?" याला उत्तर नाही, आणि ते शोधत रात्रभर जागायचंही नाही.

पहिल्याच बैठकीत लिहून द्या: माझं काम इथपर्यंत, पुढचं सरकारचं, मुदत सांगता येत नाही. घरच्या सगळ्यांसमोर वाचून दाखवा. पक्षकारांनी चौकशीला यायला आठवडी बाजाराचा दिवस ठरवा. तसेही ते गावात येतातच. फाईल घरी ठेवूच नका. फाईल नसली की रात्री आलेला माणूस चहा पिऊन परत जातो.

गाव सोडून आल्याची हकीकत एकदाच, सवडीने ऐका, लिहून घ्या, वाचून दाखवा. दर कागदासाठी तीच जखम उकरली तर त्यांनाही त्रास, तुम्हालाही. अशा दोन हकीकती एका दिवशी नकोत. मन मोकळं करायला दुसऱ्या तालुक्यातला एखादा ज्येष्ठ वकील गाठा, पक्षकाराचं नाव न घेता बोला. बार रूममध्ये नको, तिथे भिंतीही पक्षकाराच्या सोयऱ्या असतात.

धान कापणीत कोणी फिरकत नाही, तेव्हा हे काम तुम्हीही बंद ठेवा. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं लागतात. फोन घरी टाकून एखादं बघा. श्वासाचे व्यायाम सांगणारे पुष्कळ भेटतील. करा बापा, पण त्यानं फोन वाजायचा थांबत नाही.

हे करूनही दोन-तीन आठवडे झोप लागली नाही, जेवण तुटलं, तर डॉक्टरांकडे जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.