चेंबरलेनचे २५ सेंट

प्रश्न : नमस्कार सर, मी एमए पॉलिटिक्सला आहे. परवा वर्गात वाद झाला. एक मित्र म्हणाला, स्वातंत्र्य दिलं की लोक वर-खाली होणारच आणि सगळ्यांना सारखं करायचं तर कुणाच्या तरी खिशात हात घालावाच लागतो, त्यामुळे दोन्ही पाहिजे म्हणणारे उदारमतवादी निव्वळ फसवतात. वर नोझिकचं नाव घेतलं, मग आम्ही सगळे गप्प. याला उत्तर आहे का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आहे की! पण मित्राचा मुद्दा लेचापेचा नाहीये हां. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ साली बास्केटबॉलवाल्या विल्ट चेंबरलेनचं उदाहरण दिलं. समजा तुम्हाला न्याय्य वाटते तशीच वाटणी आज समाजात आहे, अगदी सगळ्यांकडे सारखे पैसे. आता चेंबरलेन करार करतो की घरच्या मैदानावरच्या मॅचच्या प्रत्येक तिकिटामागे २५ सेंट मला, लोक खुशीने वेगळ्या डब्यात टाकतात, सीझनभरात १० लाख लोक येतात आणि याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. चोरी कुठे झाली? कुठेच नाही, पण समता गेली. ती परत आणायची तर सारखी ढवळाढवळ करत बसा, आणि कष्टाच्या कमाईवरचा टॅक्स म्हणजे वेठबिगारीच्याच पंगतीतला, असं तो सरळ म्हणतो.

उदाहरण भारीच आहे. पण ज्याच्याशी नोझिकचं हे भांडण होतं तो उदारमतवादी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स (दोघेही हार्वर्डचेच, आणि गेले पण एकाच वर्षी, २००२ मध्ये) सगळ्यांना सारखे पैसे द्या असं म्हणालाच नव्हता! १९७१ च्या त्याच्या मांडणीत मतदान, भाषण, सद्सद्विवेक ही स्वातंत्र्यं सगळ्यांना सारखी आणि ती आधी, पैशासाठी त्यांचा सौदा नाही. मग संधीची खरीखुरी समानता, आणि उत्पन्नात फरक असू दे पण तो सगळ्यात खाली असलेल्यांच्या फायद्याचा पाहिजे. म्हणजे चेंबरलेनने खुशाल कमवावं, टॅक्सचा नियम त्याला आधीपासून माहीत असतो, मॅच संपल्यावर कुणी डबा पळवून नेत नाही. शिवाय रॉल्सच्या मूलभूत हक्कांच्या यादीत स्वतःची मालमत्ता आहे, पण कारखाने बाळगायचा हक्क नाही, हे बरेच जण वाचतच नाहीत.

मला विचाराल तर खरी पंचाईत टॅक्सची नाहीच, ती निवडणुकीत होते. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात बकली विरुद्ध व्हॅलिओ ही केस झाली. प्रचाराच्या खर्चावर कायद्याने घातलेली मर्यादा कोर्टाने उडवली, देणग्यांवरची मात्र ठेवली. कोर्टाचं म्हणणं, प्रचारावर पैसा खर्च करणं म्हणजे बोलणंच, आणि काहींचा आवाज वाढावा म्हणून दुसऱ्यांचं बोलणं आवळणं घटनेत बसत नाही. इथे रॉल्स चांगलाच नाराज झाला, कारण बोलायचा हक्क कागदावर सारखा पण एकाकडे कोट्यवधी डॉलर आणि दुसऱ्याकडे नुसतं तोंड, तर राजकारणात त्या दोन हक्कांचं वजन सारखं कसं राहणार? म्हणजे इथे समता मागितली जातेय ती स्वातंत्र्यासाठीच, आणि मित्राच्या मांडणीत याला जागाच नाही.

त्याला अजून एक विचारा, मार्क्सवादी तत्त्वज्ञ जी. ए. कोहेनने असंच काहीसं विचारलं होतं : तिकिटाला पैसे नाहीत म्हणून बाईला गाडीत चढू देत नाहीत, तेव्हा तिच्या स्वातंत्र्यात कुणी आड आलं की नाही? अडवणारा तर समोर उभा असतो, आणि गरज पडली तर तो पोलिसही बोलावतो.