घरी बिअर करायला पहिली किटली आणि बर्नर कोणता घ्यावा?

तुम्ही नागपूरचे, सप्टेंबरात शिकायला इंग्लंडला निघालात, तिथं घरी बिअर करून बघायची आहे. किटली, म्हणजे बिअर उकळायचं मोठं भांडं, नागपूरच्या इतवारी बाजारातून न्यावी की तिकडची नळ-थर्मामीटरवाली स्टीलची घ्यावी, आणि बर्नर कोणता, असं विचारलंय.

इतवारीतून न्या. ॲल्युमिनिअमचा जाड बुडाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, केटरर लोक भाताला वापरतात तो, ३० लिटरच्या वरचा. बॅगेत जागा जाते म्हणाल तर कपडे त्यातच भरा. १९-२० लिटरच्या बॅचला उकळायला घेताना २३-२५ लिटर वॉर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड काढा) असतं, तासाभरात त्यातलं तीन-चार लिटर उडतं, आणि पहिली उकळी आली की फेस असा चढतो की वर चार बोटं मोकळी नसतील तर शेगडी, ओटा, फरशी, सगळं चिकट. २५ लिटरच्या भांड्यात भागतं म्हणणाऱ्याला विचारा, तुमचं स्वयंपाकघर पुसतं कोण?

आता साडभाऊ. ते माझ्या आधी तिकडे गेलेले, आधी बिअर केलेली, म्हणून सासरी त्यांचा शब्द शेवटचा. मी निघायच्या आधी मे महिन्यात ते सुट्टीवर आले होते. मी गंज घेऊन जिना चढतोय तर वरूनच, "काऊन जी, पंगत उठवून राहिले का?" मग ॲल्युमिनिअम कसं विष, आंबटात कसं विरघळतं, बिअरला धातूची चव कशी लागते, हे चहा संपेपर्यंत. बायकोनंही मान डोलावली, ते जास्त लागलं. ज्या घरात बसून ते बोलत होते तिथं सासूबाई टमाटरची चटणी ॲल्युमिनिअमच्याच गंजात करतात आणि तेच वाटीभर मागून घेतात. टमाटरचा पीएच साडेचारच्या आसपास, वॉर्टचा पाचच्या वर, आणि आकडा कमी तितकं आंबट जास्त. मग विष कशात जास्त उतरेल?

फक्त नवा गंज एकदा नुसत्या पाण्यानं भरून अर्धा तास उकळायचा. आतून करडा पडतो, पाण्याच्या रेषेपर्यंत. तो करडा थर म्हणजे ऑक्साइड, तोच धातूला झाकतो. तारेच्या घासणीनं कुणी चकचकीत केला की पुन्हा उकळा. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा त्याला लावायचा नाही.

त्यांचं दुसरं म्हणणं, भांडं चांगलं असलं की घरची शेगडी पुरते. बोलून ते ऐकणारे नव्हते, म्हणून गंज भरला. मे महिन्यातलं गच्चीवरच्या टाकीचं पाणी, म्हणजे नळातूनच गरम. तरी स्वयंपाकघरातल्या मोठ्या बर्नरवर काठाला बुडबुडे धरण्यापलीकडे ते गेलं नाही. सासूबाईंनी दोनदा येऊन विचारलं, पोळ्या कधी टाकू. मग शेजारच्या केटररची भट्टी गच्चीवर आणली, तिच्या १९ किलोच्या सिलिंडरसकट. तिचा आवाज सुरू झाल्यावर साडभाऊंचा बंद झाला. पाणी मधोमध उसळत होतं, गंजाचे कान थरथरत होते.

हिशेब सोपा आहे. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन-अडीच किलोवॉटचा, त्यातला तिसरा हिस्सा भांड्याच्या बाजूनं हवेत जातो. तासाला साडेतीन लिटर पाण्याची वाफ करायची तर २.२ किलोवॉट नुसते पाण्यात उतरले पाहिजेत. कुठून येणार? यावर ते म्हणाले, मग झाकण ठेवा. झाकण ठेवलं की माल्टमधून निघणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर जाण्याऐवजी झाकणावरून परत आत ठिबकतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. त्यांच्या बिअरला येतो. ते त्याला माल्टचा सुगंध म्हणतात.

तुमच्या बर्नरचं. इथली भट्टी नेऊ नका, तिकडचे सिलिंडर-रेग्युलेटर वेगळे. मागे अंगण असेल तर तिथलाच प्रोपेनचा मोठा बर्नर घ्या, आणि तो बाहेरच लावा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडनं माणूस झोपेतच जातो. अंगण नसेल तर विजेचा बॉयलर. तिकडच्या १३ अँपिअरच्या प्लगवर तीन किलोवॉटपर्यंत चालतो, २५ लिटर तासाभरात उकळतं. खरं तर पहिल्यांदा माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे तयार आटवलेला काढा, घेऊन १० लिटरच करा, १५ लिटरचं भांडं आणि घरची शेगडी पुरेल. एक्स्ट्रॅक्ट घालताना आच बंद, नाहीतर बुडाला लागतं.

राहिलंच, हे सगळं तिकडे. इंग्लंडात १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय करणं गुन्हा. सुट्टीवर आलात की मामेभावाला करून दाखवायच्या फंदात पडू नका.

आणि इतवारीत जायच्या आधी खोलीत शेगडी कोणती ते विचारून घ्या. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत इंडक्शन असू शकतं, त्यावर साधा ॲल्युमिनिअमचा गंज तापतच नाही. तेव्हा स्टील घ्यावं लागेल. पातळ पत्र्याचं नको, स्टीलच्या दोन थरांत ॲल्युमिनिअम दाबलेल्या बुडाचं घ्या. स्टीलच्या पंधरापट उष्णता ते वाहून नेतं, म्हणूनच घालतात. साडभाऊंची महागडी किटली याच बुडाची आहे. सोबतच्या कागदावर छापलंय, त्यांनी वाचलं नसावं.