सूर-शंका : अडलेली चाल

प्रश्न : कवितेला चाल लावायला पेटी घेऊन बसतो. तास-दीड तासाने लक्षात येतं की पुन्हा तोच यमन राग, तशीच चाल. मग चिडचिड होते. काय करावं?

उत्तर : पेटी आधी बंद करा. बोटं सवयीच्या पट्ट्यांवरच जातात आणि शब्द मागून फरफटत येतात. सुरुवात ठेक्यापासून करा. समजा ओळ आहे, ‘पुन्हा पावसाच्या सरी येत दारी’. हे भुजंगप्रयात वृत्त, म्हणजे लगागा (ल म्हणजे लघु, एक मात्रा; गा म्हणजे गुरू, दोन मात्रा) हा गण चार वेळा. प्रत्येक गणातला शेवटचा गुरू एक मात्रा लांबवला की गण सहा मात्रांचा होतो आणि ओळ दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, बसते. आता हाताने ताल देत, सूर न लावता, ओळ नुसती म्हणा. ‘पु’ सहाव्या मात्रेवर उचललात तर सम (तालाची पहिली मात्रा) ‘न्हा’, ‘सा’, ‘री’, ‘दा’ यांवर येते. सरी आणि दारी उठून दिसतात. तोच ‘पु’ तिसऱ्या मात्रेवर उचलून ‘न्हा’ लांबवलात, तर दुसरी सम नेमकी ‘च्या’वर आदळते. प्रत्ययावर सम आली की चाल कितीही गोड असली तरी ओळ लंगडते, आणि दोष मात्र रागाला दिला जातो! हीच ओळ दादऱ्याऐवजी झपतालात म्हणून पाहा. ओळीच्या मात्रा वीस, झपतालाच्या दहा, म्हणजे काही न लांबवता तालाची बरोबर दोन आवर्तनं.

एवढं झाल्यावर पेटी उघडा, पण पट्ट्या पाचच : पांढरी 1 (इंग्रजी C), 2, 3, 5, 6. पांढरी 1 ला सा मानलं तर भूप राग. पांढरी 5 ला सा माना, त्याच पट्ट्यांत दुर्गाचे सूर मिळतात; पांढरी 3 ला मानलं तर मालकंसाचे. तानपुऱ्याच्या अ‍ॅपचा षड्जही (सा) दर वेळी बदलायचा, आणि मालकंसाला त्यात सा-बरोबर पंचम (प) नको, मध्यम (म) लावायचा. हे विसरलात तर कान जुन्याच सा वर अडून बसतो आणि पुन्हा भूपच ऐकू येतो. सुचलेलं गुणगुणणं फोनवर रेकॉर्ड करा. ते चांगलं की वाईट, हे दुसऱ्या दिवशी ठरवा.

प्रश्न : मुखडा (गाण्यात परत परत येणारी सुरुवातीची ओळ) झकास झालाय, अंतरा (पुढचं कडवं) महिनाभर अडलाय.

उत्तर : मुखड्यातला सर्वांत वरचा सूर कोणता, ते तपासा. मुखडाच तार षड्जाला (वरच्या सा-ला) भिडला असेल तर अंतऱ्याला वर जायला जागा उरत नाही. गाण्याची पट्टी, म्हणजे मूळ सा, उतरवून उपयोग नाही, कारण सुरांमधलं अंतर तेवढंच राहतं. अंतरा खाली, मंद्र पंचमाकडे (खालच्या प-कडे) न्या, किंवा मुखड्यातली ती एक जागा धैवतावरच (ध) थांबवा. आणि अंतरा शेवटाकडून बांधा : मुखडा गंधारावर (ग) उठत असेल तर शेवटची ओळ शेजारच्या रिषभावर (रे) किंवा मध्यमावर सोडा. परतीची वाट ठरली की मधल्या दोन ओळी सहसा फार छळत नाहीत.