विहिरीत अडकलेला फूटवॉल (मोटारीच्या पाइपाच्या तळाची झडप) काढायला पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर आणि नळी लावून ३० फूट पाण्यात उतरता येईल का?

नाही, उतरू नका. यात माणूस बेशुद्ध होऊन आतच राहतो. कंप्रेसर वगळून नुसती नळी वर धरली तरी जमत नाही. दोन-तीन फुटांखाली पाण्याचा दाब छातीला श्वास ओढूच देत नाही. शिवाय एक इंची ३० फूट नळीत साडेचार लिटर हवा मावते, आपला साधा श्वास अर्ध्या लिटरचा. म्हणजे सोडलेलीच हवा परत परत आत जाते.

टायरचा कंप्रेसर दाब देतो, पण ती हवा श्वासासाठी नसते:
- पिस्टनच्या तेलाची वाफ फुप्फुसात जाते.
- डिझेल इंजिनावर चालवला तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जातो. त्याला ना वास ना रंग.
- लाइट गेली की हवा बंद, आणि आपल्याकडे ती कधी जाईल याचा नेम नाही.

सगळ्यात वाईट पुढेच. हवा तुटली की माणूस श्वास कोंडून वर झेपावतो. ३० फुटांवर भरलेली हवा वर येईतो जवळपास दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटते. दवाखान्यातला ऑक्सिजन सिलिंडरही नको; साधारण २० फुटांखाली शुद्ध ऑक्सिजनने झटके येतात.

मोटारीच्या स्टार्टरचा फ्यूज काढा, वरूनच गळ टाकून किंवा चेनपुलीने पाइपासकट ओढा. नाहीच निघाला तर दुसऱ्या मोटारीने पाणी उपसा, मात्र डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका. श्वासाच्या हवेचा खास कंप्रेसर असलेल्या प्रशिक्षित पाणबुड्याची गोष्ट वेगळी.