दोघेही घरून काम करत असाल तर आधी तासांची बेरीज करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांचीही घरून पूर्णवेळ नोकरी, मुलं ३ आणि ७ वर्षांची. दिवसभर घरात असूनही मुलांच्या वाट्याला येत नाही आणि लॅपटॉप रात्री ११ च्या आत मिटत नाही. कुठे चुकतंय?

आधी बेरीज करू. दोन नोकऱ्यांचे ८-८, म्हणजे १६ तास. ३ वर्षांचं मूल दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोपतं. म्हणजे सुमारे १२ तास ते जागं असतं आणि तेवढा वेळ एका मोठ्या माणसाचं लक्ष त्याच्यावर लागतं. झाले २८. तुम्ही दोघं ८-८ तास झोपलात तर दोघांचे मिळून जागे तास ३२. उरले ४, आणि त्यात दोघांच्या अंघोळी, स्वयंपाक, भांडी, कपडे, मोठ्याचा अभ्यास. रात्रीचे ११ इथून येतात. कितीही शिस्त लावली तरी हा हिशोब जुळणार नाही. रोज निदान ३-४ तास तिसरं माणूस हवं (पाळणाघर, सांभाळायला येणाऱ्या ताई, आजी-आजोबा, जे जमेल ते), नाहीतर दोघांपैकी एकाच्या कामाचे तास कमी व्हायला हवेत. हे टाळून केलेल्या बाकीच्या सगळ्या युक्त्या दोन-तीन आठवडे टिकतात.

तिसरं माणूस घरीच येणार असेल तर एक पथ्य पाळा: त्या वेळात खोलीबाहेर येऊ नका. पाणी भरायला म्हणून तुम्ही दोन मिनिटं स्वयंपाकघरात गेलात की धाकटं तुम्हाला बघतं, चिकटतं, रडतं आणि सांभाळणाऱ्या माणसाची अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. पाण्याची बाटली, चार्जर, काहीतरी खायला आधीच आत घेऊन बसा.

आता उरलेल्या वेळेचं. दोघेही घरात असले की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. खरं तर कोणीच बघत नसतं, आणि नेमकं तेव्हाच मूल खुर्चीवर चढतं. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला २० मिनिटं काढून दोघांची कॅलेंडरं शेजारी ठेवा आणि मुलं घरी असतात तो सगळा वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकोनांत पाडा. प्रत्येक चौकोनात एकच नाव लिहा. 'दोघे' असं कुठेही लिहायचं नाही. ज्या चौकोनात दोघांच्याही न टाळता येणाऱ्या मीटिंगा आल्या तिथे भांडण आत्ताच होऊ द्या, त्या दिवशी दारात उभं राहून नको. ड्युटी बदलताना तोंडाने बोला: "आता तुझ्याकडे. पावणेबाराला खाल्लंय, शू झालेली नाही, झोपेला आलाय." समोरच्याने "घेतला" म्हटल्याशिवाय तुमची ड्युटी संपत नाही. वाचताना बालिश वाटेल, पण 'मला वाटलं तू बघतोयस' हे वाक्य घरातून जातं ते यानेच.

कामाचीही वाटणी करावी लागते. कॅमेरा चालू असलेले कॉल, एकटक लक्ष लागणारं काम आणि मूल मांडीवर असतानाही उरकेल असं किरकोळ काम, हे तीन वेगळे ढीग. बहुतेक जण सगळ्यात महत्त्वाचा कॉल धाकट्याच्या दुपारच्या झोपेत टाकतात आणि तिथेच फसतात. ३ ते ५ या वयात ही झोप हळूहळू सुटत जाते. आज दीड तास, उद्या वीस मिनिटं, परवा नाहीच. झोपेच्या वेळेत असं काम ठेवा ज्याची पलीकडे कोणी वाट बघत नाहीये. कॉल मात्र जोडीदाराचं नाव लिहिलेल्या चौकोनातच.

मुलांना तुमचं 'कामात असणं' दिसत नाही. त्यांना तुम्ही घरात बसलेले दिसता. दारावर लाल आणि हिरवं कार्ड लावा, पण कार्ड दिवसभर लाल राहिलं की त्याला अर्थ उरत नाही. तिसरं माणूस घरी नसताना लाल सलग दीड तासापेक्षा जास्त नको, आणि हिरवं झालं की दहा मिनिटं खरंच बाहेर या, फोन आत ठेवून. हेडफोनचंही तसंच: घरात हेडफोन कानावर म्हणजे कॉल, एवढाच अर्थ ठेवा. गाणी ऐकायलाही तेच घातलेत तर मुलाने ओळखायचं कसं? ७ वर्षांच्या मुलासाठी दाराबाहेर एक वही ठेवा. प्रश्न त्यात लिहायचा, हिरवं झाल्यावर उत्तर मिळतं. लाल असतानाही दार उघडायची कारणं ठरवून द्या: रक्त, धूर, उलटी, धाकटं सापडत नाही किंवा बेल वाजली. मोजकी आणि ठसठशीत असली की लक्षात राहतात.

कॉलच्या आधीची पंधरा मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात. दहा मिनिटं जमिनीवर बसून फक्त मुलाशी खेळा, मग शू, पाणी, खाऊ, आणि मग कॉल. 'कॉल झाल्यावर खेळू' हा वायदा ३ वर्षांच्या मुलाला कळत नाही, आधी पोट भरलेलं असेल तर ते थांबू शकतं. एक खोका फक्त कॉलच्या वेळी निघणारा ठेवा: चिकटचित्रं, माती, चित्रकोडं, जुना कीबोर्ड. पाच-सहा वस्तू, दर आठवड्याला दोन बदला. मोठ्याच्या खेळण्यांचे बारीक सुटे भाग त्यात जाऊ देऊ नका. सुमारे सव्वातीन सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते. बटण सेलची खेळणी आणि रिमोट तर खोलीतच नकोत; गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. आणि हा खोका ड्युटीवरच्या माणसाची जागा घेत नाही, तो फक्त हाका कमी करतो.

स्क्रीनबद्दल अपराधी वाटून घेण्यापेक्षा तिची जागा ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको. तो तास सकाळीच उधळू नका, दिवसातल्या सगळ्यात अवघड कॉलसाठी राखून ठेवा. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद करा आणि दोन भाग आधीच डाउनलोड करून ठेवा. भाग संपला की बंद करणं सोपं जातं. मध्येच हिसकावलं की रडारड ठरलेली. डाउनलोडचा दुसरा फायदा असा की दोन व्हिडिओ कॉल चालू असताना कार्टूनही इंटरनेट खात नाही. आवाज अडकत असेल तर जाहिरातीतल्या वेगावर जाऊ नका, अपलोडचा वेग तपासा, आणि शक्य असेल तर निदान एक लॅपटॉप राउटरला तारेने जोडा. जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबून स्क्रीन लॉक करायची सवय लावा, नाहीतर मुलाने बटणं दाबली की अर्धवट मेल भलत्याच माणसाला जातो.

ऑफिसला कारणं सांगत बसू नका, वेळा सांगा. "५ ते ८ मी नाही, साडेआठला बघेन" एवढं पुरतं, फक्त साडेआठला खरंच बघा. गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंगा आपोआप ३० ऐवजी २५ आणि ६० ऐवजी ५० मिनिटांच्या करायची सेटिंग आहे, ती लावा; ड्युटी बदलायला तेवढी फट लागते. रात्री बसावंच लागलं तर आठवड्यातल्या ठरलेल्या दोनच रात्री. रोज 'थोडंसंच' म्हणून बसलं की सगळ्या रात्री जातात. काम संपताना उद्याचं पहिलं काम कागदावर लिहा आणि लॅपटॉप कपाटात ठेवा, टेबलावर झाकून नाही.

मूल आजारी पडलं की हे सगळं कोसळणारच, म्हणून तो दिवस आधीच ठरवून ठेवा: पहिली पाळी कोणाची, दुपारनंतर कोणाची, कोणाच्या कुठल्या मीटिंगा न विचारता रद्द होतात आणि साहेबांना पाठवायचा दोन ओळींचा मेसेज. तो मेसेज आत्ताच लिहून फोनमध्ये ठेवा. पहाटे पाचला ताप मोजताना शब्द सुचत नाहीत.