नाशिकमध्ये घरच्या बागेसाठी माळी कसा बघायचा

ताई, तुम्ही लिहिलंय की पाथर्डी फाट्याला रो हाऊस आहे, पुढे थोडी जमीन, गच्चीवर कुंड्या, आणि आधीचा माळी रोज येऊन पाणी घालत होता तरी लिंबू आणि गुलाब गेले. मला विचाराल तर त्या रोजच्या पाण्यानेच गेले असणार. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात, मग पानं पिवळी पडून झाड मान टाकतं आणि माळ्याला वाटतं तहानलंय, की अजून एक बादली.

त्यामुळे किती वर्षांचा अनुभव, कुठे कुठे काम केलं वगैरे विचारत बसू नका, सगळे वीस वर्षंच सांगतात. सरळ एक दिवसाची मजुरी द्या आणि काम करताना बघा. पाइप हातात घ्यायच्या आधी माती उकरून ओल बघतो का, कुंडी तिरपी करून खालचं भोक बुजलंय का ते बघतो का. हे जो आपणहून करतो तो निम्मा पास. थंडीत तर आपल्याकडे झाडांना पाणी खूपच कमी लागतं, तेव्हाही तोच हिशोब चालवणारा माणूस नको.

मग बोलता बोलता विचारा, आंबा कधी छाटायचा? फळं उतरल्यावर लगेच, असं म्हणाला तर ठीक. दिवाळीनंतर म्हणाला तर त्या वर्षीचा मोहोर गेलाच समजा. मोगरा याच्या उलट, थंडी सरता सरता छाटायचा, कारण त्याला फुलं नव्या फुटीवर येतात.

आपल्याकडे एक सोय आहे ती म्हणजे द्राक्षबागेत काम केलेले लोक मिळतात, दिंडोरी, निफाड, मखमलाबाद बाजूचे. यांचा कात्रीवर हात बसलेला असतो, डोळा (कोंब फुटतो ती जागा) कुठला ठेवायचा, खुंटावरून, म्हणजे कलमाच्या खालच्या मूळ झाडावरून, आलेला फुटवा का काढायचा हे गुलाबाच्या बाबतीत त्यांना शिकवावं लागत नाही. पण दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. एक म्हणजे ऑक्टोबर छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी लागली की हे बागांवर जातात, तिथे मजुरी जास्त मिळते, त्यांचं चूक नाही, पण तेव्हा बदली कोण येणार ते ठरवून ठेवा. दुसरं म्हणजे फवारणी. बागेत ठरलेल्या वेळापत्रकाने फवारायची सवय असते, घरीही तेच सुरू होतं. जास्वंदीवर पांढरा मिलीबग (कापसासारखी दिसणारी कीड) दिसला की उरलेलं कुठलं तरी औषध बिनलेबलच्या बाटलीतून आणतात. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं तर भाजीपाल्यावर वापरायला बंदीच आहे, आणि तुमच्या कढीपत्त्याची पानं दुसऱ्या दिवशी फोडणीत जाणार. मिलीबग आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचा, मग निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी, आठवड्याने परत. बाटली सीलबंद आणि लेबल वाचता येईल अशी असेल तरच फवारू द्यायचं.

पैशाचं म्हणाल तर महिन्यावर न ठरवता फेरीवर ठरवा, छोट्या बागेला आठवड्यात एक-दोन फेऱ्या पुरतात, पाणी घरच्यांनी घालायचं. खत, निंबोळी पेंड, माती हे स्वतः नर्सरीतून आणा. माळ्याने आणलं की दर वेळी पोतं संपलेलंच असतं (सगळेच तसे नसतात, पण तरी). नर्सरीवालेही माणूस देतात, त्यातले काही मात्र झाड वाचवण्यापेक्षा नवीन झाड विकायला जास्त उत्सुक असतात.

माणूस शोधायचा तर सकाळी सातच्या सुमारास गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्यांतून एक चक्कर मारा, ज्या बंगल्याची बाग आवडेल तिथे बेल वाजवून विचारा, लोक खुशीने नंबर देतात. जाहिरातीपेक्षा हे बरं.

आणि हो, कोपऱ्यातलं ते मोठं झाड काढायचं म्हणताय ना, माळी म्हणेल दोन तासात पाडून देतो. देऊ नका पाडू. 1975 च्या झाडांच्या कायद्याने आपल्या कंपाउंडमधलं असलं तरी महापालिकेची परवानगी लागते, आधी उद्यान विभागात अर्ज करा. नुसत्या मोठ्या फांद्या उतरवायच्या असल्या तरी तिथे विचारूनच घ्या.